पैठणला निसर्ग मेळा भरवला, तर नाथसागराच्या पक्ष्यांना खरंच पैसा मिळेल का?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी.

माझा आतेभाऊ अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात असतो. तिथं हॅरिसबर्गला दर फेब्रुवारीत नऊ दिवसांचं भलंमोठं प्रदर्शन भरतं. बंदुका, धनुष्यबाण, गळ, तंबू, होड्या, रानात फिरायचे बूट, सगळं एका छताखाली. त्यानं फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "इथल्या रानाचा खर्च हीच माणसं भरतात."

मला त्यातल्या बंदुकांशी काही देणंघेणं नाही. पण नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. १९८६ साली जायकवाडी पक्षी अभयारण्य जाहीर झालं, क्षेत्र ३४१ चौरस किलोमीटर. हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या, पट्टकादंब येतात, रोहित म्हणजे फ्लेमिंगो येतात. एवढ्या पसाऱ्यावर नजर ठेवायची तर माणसं, बोटी, डिझेल, सगळ्यालाच पैसा लागतो. तो कुठून यायचा?

माझं मत असं, की मेळा भरवायची हौस आणि अनुभव मराठवाड्याला कुणी शिकवायची गरज नाही. शिकार वगळून दुर्बिणी, कॅमेरे, तंबू, सायकली, होड्या यांचा मेळा पैठणला का भरवू नये? मला दोनच गोष्टी कळून घ्यायच्यात. तिकडच्या प्रदर्शनातला पैसा प्राण्यांपर्यंत नेमका कोणत्या वाटेनं पोचतो? आणि तशी वाट इथं पाडता येईल का?

रानभूल

मेळा म्हटलं की मी आलोच. लाऊडस्पीकर नको, एवढी एकच अट.

लातूर_ते_लँकेस्टर

गोदाकाठ ताई, मी मूळचा लातूरचा, हॅरिसबर्गपासून तासाभराच्या अंतरावर राहतो. ते प्रदर्शन पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गैरसमज दूर करू. प्रदर्शनाच्या तिकिटाचा पैसा थेट हरणांकडं जातो असं नाही. खरी वाट दुसरीकडून आहे. १९३७ साली इथं पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला. लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसं यांवर उत्पादन कर आधीपासूनच होता (आज तो ११ टक्के आहे), तो या कायद्यानं वन्यजीवांच्या कामासाठी बांधून टाकला. पुढं पिस्तुलांवरचा १० टक्के आणि धनुष्यबाणावरचा करही त्यात आला. गळ, रीळ यांसाठी १९५० साली तसाच दुसरा कायदा झाला. हा कर कारखानदार किंवा आयातदार भरतो, गिऱ्हाइकाला पावतीवर तो दिसतही नाही. प्रदर्शनात माणूस नवा गळ घेतो तेव्हा दुकानातला माल हलतो, कारखाना नवा माल काढतो, आणि त्या मालावर कर जमा होतो. दोन्ही निधी मिळून अलीकडं वर्षाला १ अब्ज डॉलरपेक्षा जास्त पैसा राज्यांना जातो.

वाटप कसं? राज्याचं क्षेत्रफळ आणि परवानाधारकांची संख्या बघून. त्यामुळं राज्याच्या वन्यजीव खात्याला परवाने वाढवण्यात रस असतो. हॅरिसबर्गच्या प्रदर्शनात पेनसिल्व्हेनिया गेम कमिशनचा स्वतःचा स्टॉल असतो, तो यासाठीच. या खात्याला राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीतून पैसा मिळत नाही. परवाना शुल्क आणि असे बांधलेले कर यांवरच ते चालतं, आणि त्यातून सुमारे १५ लाख एकर रान त्यांच्या ताब्यात आहे. तिथं फिरायला बिगरशिकारीही जातात. मीही जातो, कॅमेरा घेऊन.

शिवाय संस्थांचे स्टॉल, मेजवान्या, लिलाव असतात. तो पैसा त्या त्या संस्थेच्या कामाला जातो.

माळरान

लातूरकर भाऊ, माहिती चांगली दिलीत. पण पैसा देणारा बंदूकवाला असेल तर कोणता प्राणी वाचवायचा हेही तोच ठरवणार. हरीण, टर्की, बदक यांची चांदी. बेडूक, साप, गिधाड यांना कोण विचारतंय? तिकडचे अभ्यासकही हेच म्हणतात, की शिकारीच्या प्राण्यांवर जास्त खर्च झाला आणि बाकीचे मागं राहिले.

आणि जानेवारी २०१४ मधला तो लिलाव आठवा. डॅलसच्या सफारी क्लबच्या अधिवेशनात नामिबियातला एक काळा गेंडा मारायचा परवाना साडेतीन लाख डॉलरला गेला. म्हणे गेंडे वाचवण्यासाठी! एक मारायचा आणि त्या पैशात बाकीचे राखायचे, हा हिशेब माझ्या गळी उतरत नाही.

लातूर_ते_लँकेस्टर

माळरान, बेडकांचं तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. १९९० च्या दशकात इथं तंबू, दुर्बिणी, पाठीवरच्या पिशव्या यांवरही असाच कर लावावा अशी मोहीम झाली होती, म्हणजे पक्षी बघणाऱ्यांचा पैसाही येईल आणि बिगरशिकारी प्राण्यांनाही वाटा मिळेल. ती कर म्हणून पुढं गेली नाही.

गेंड्याचं सांगायचं तर, समर्थकांचा मुद्दा असा होता की तो म्हातारा नर होता, प्रजननाच्या कामाचा राहिला नव्हता आणि दुसऱ्या गेंड्यांना मारत होता. पटणं न पटणं ज्याच्या त्याच्याकडं. पण गोदाकाठ ताईंनी शिकार वगळूनच प्रश्न विचारलाय, तेव्हा आपण तिकडं अडकायला नको.

एक गोष्ट मात्र दाखवावीशी वाटते. बदकांचं तिकीट म्हणून एक प्रकार आहे, १९३४ पासूनचा. टपाल तिकिटापेक्षा जरा मोठं, त्यावर दरवर्षी नव्या पाणपक्ष्याचं चित्र. चित्राची देशभर स्पर्धा होते. कागदी तिकीट वापरायचं तर बदक मारायला जाणाऱ्यानं ते जवळ बाळगायचं आणि त्याच्या तोंडावर, चित्रावरूनच, शाईनं सही करायची. सही नसेल तर तिकीट ग्राह्य नाही. आज किंमत २५ डॉलर, आणि प्रत्येक डॉलरमधले ९८ सेंट पाणथळ जागा विकत घ्यायला किंवा राखायला जातात. माझी मुलगी बंदुकीला हात लावत नाही, पण दरवर्षी तिकीट घेते आणि वहीत चिकटवते. पाणथळीला त्या २५ डॉलरांत काही फरक पडत नाही, घेणारा शिकारी असो की शाळकरी पोर.

चक्रवाक

हे तिकीट मला फार आवडलं! नाथसागराचं असं एक तिकीट काढलं, दरवर्षी मराठवाड्यातल्या चित्रकला शिक्षकांची स्पर्धा घेतली, तर मी दहा घेईन.

बंदुकीशिवायच्या मेळ्याचं उदाहरण हवं असेल तर इंग्लंडकडं बघा. रटलंड वॉटरला १९८९ ते २०१९ दर ऑगस्टमध्ये तीन दिवसांचा पक्षी मेळा भरायचा. दुर्बिणीवाले, पुस्तकवाले, सहली नेणारे, देशोदेशींचे पक्षी गट, सगळे तंबू टाकून बसायचे. स्टॉलचं भाडं आणि प्रवेश शुल्क यांतून जे उरायचं ते दरवर्षी एका ठरलेल्या कामाला द्यायचे, जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातल्या. मेळ्याआधीच जाहीर असायचं की यंदाचा पैसा कुठं जाणार. २०२२ पासून तो नव्या नावानं पुन्हा सुरू झालाय.

आणि गंमत बघा, रटलंड वॉटर हा नैसर्गिक तलाव नव्हेच. पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेलं धरण आहे ते, सत्तरच्या दशकातलं. आपल्या जायकवाडीचं लोकार्पणही १९७६ चं. माणसानं पाणी अडवलं आणि पक्षी आपणहून आले, दोन्हीकडं एकच कथा.

कंधारी

मेळा नवा कशाला काढायचा म्हणतो मी? आमच्याकडं माळेगावची खंडोबाची यात्रा आहे. घोडे, उंट, गाढवं, लालकंधारी वळू, देवणी गाई, काय नाही तिथं! सारा नांदेड जिल्हा लोटतो, कर्नाटक-तेलंगणातून लोक येतात. त्यात एक तंबू टाका पक्ष्यांचा. माणसं गोळा करायचा खर्च वाचला.

लिलावाचं म्हणायलात तर तेही आपल्याला नवं नाही. हैदराबादच्या बालापूरला गणपतीच्या लाडवाचा लिलाव होतो. १९९४ ला ४५० रुपयांपासून सुरू झाला, आता लाखांत जातो आणि पैसा गावाच्या कामाला लागतो. नांदेडचे लोक दरवर्षी त्याची बातमी चवीनं वाचतात. श्रद्धेवर माणूस पैसा सोडतो, पाखरावर सोडायला लावा म्हणजे झालं.

रानभूल

कंधारी भाऊ, माळेगावात दुर्बीण लावली तर लोक आधी पलीकडच्या फडातला तमाशा बघतील 😄

कंधारी

बघू द्या की! दुर्बीण हातात तर आली. एकदा डोळ्याला लागली की माणूस आपोआप झाडाकडं वळतो.

उमा_बीड

मला थोडं विरोधी बोलायचं आहे, रागावू नका.

मी पाटोदा तालुक्यातली. आमच्याकडं नायगावचं मोरांचं अभयारण्य आहे, १९९४ पासून. मोर बघायला शांतता लागते. एका सुट्टीच्या दिवशी चार गाड्या जास्त आल्या तरी मोर नाल्यात उतरून बसतात. मेळा म्हणजे गर्दी, गर्दी म्हणजे प्लास्टिक, आणि पैसा यायच्या आधी नुकसान येतं.

भंडारदऱ्याचे काजवे आठवा. महोत्सव म्हणून गाजले, मग शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा, हेडलाइट, मोबाईलचे टॉर्च, झाडाखाली पायाखाली चिरडलेले किडे. वन खात्याला बंधनं घालावी लागली. जे बघायला गेले तेच तुडवून आले.

याउलट रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास बघा. समुद्रकासवांची अंडी चोरीला जायची तिथं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना धरून घरटी राखायला सुरुवात केली, मग पिल्लं समुद्रात सोडताना बघायला लोक येऊ लागले आणि त्याचा कासव महोत्सव झाला. पाहुणा गावातल्या घरात राहतो, मोदक-आमटी खातो, पैसा त्या घरात जातो. म्हणून अंडी राखणं गावाच्या फायद्याचं झालं. तिथं आधी राखण होती, महोत्सव मागून आला. पैठणला हा क्रम उलटा नको.

गोदाकाठ

उमाताई, रागावण्याचा प्रश्नच नाही. हा क्रमाचा मुद्दा मी वहीत लिहून घेतला. मेळा अभयारण्याच्या काठावर नाहीच भरवायचा, पैठण गावात भरवायचा. संत ज्ञानेश्वर उद्यान आहे, गावात मंगल कार्यालयं आहेत. पाण्याकडं फक्त छोटे गट न्यायचे, तेही वाटाड्याबरोबर.

भोईवाडा

मी शेवगावकडच्या काठावरचा. आमचं घर मासेमारीवर. तुम्ही सगळे चांगलं बोलायलात, पण आमचं कुणी नाव घेतलं नाही म्हणून लिहितो.

पक्षी जाळ्यात अडकतात ते आम्हाला आवडतं असं नाही. पहाटे जाळं ओढताना थापट्या निघाला तर बोटभर रुंद ती चोच नायलॉनच्या दोऱ्यात अशी गुंतलेली असते, की सोडवायला जाळं कापावं लागतं. पाखरू मेलेलं असतं, नाहीतर मान टाकलेली असते. जाळं गेलं, पाखरूही गेलं. जाळं कापलेल्याचे पैसे कोण देतं? कुणी नाही. म्हणून कापायचं का नाही, हा विचार हातात सुरी धरून करावा लागतो. मेळ्याचा पैसा कुठं लावायचा विचारता ना, इथं लावा. पाखरू सोडवायला जाळं कापलं तर नवीन जाळं. साधी गोष्ट.

दुसरं. भिगवणला उजनीच्या काठी आमच्यासारखेच मासेमार आता पाहुण्यांना होडीतून रोहित दाखवतात. हिवाळ्यात त्यांची कमाई त्यावर आहे. कोणता पक्षी कुठं उतरतो हे होडीवाल्याला माहीतच असतं, फक्त पुस्तकातलं नाव माहीत नसतं. ते शिकवा, बाकी आम्ही बघतो.

चक्रवाक

भोईवाडा भाऊ, तुमची पोस्ट सगळ्यात वर चिकटवून ठेवावी अशी आहे. ओडिशात चिलिका सरोवराच्या काठी मंगलाजोडी गाव आहे. तिथले लोक पूर्वी पक्षी मारून विकायचे, आता तेच राखण करतात आणि होडीतून पक्षी दाखवतात. शिकारी म्हणून जे डोळे तयार झाले होते तेच वाटाड्याला उपयोगी पडले.

तांडा_ते_तालुका

चक्रवाक दादा, डोळ्यांचं बोललात म्हणून मीही लिहितो. मी पारधी समाजातला, धाराशिव जिल्ह्यातला, आता शिक्षक आहे.

१८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी अख्ख्या जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. १९५२ ला तो शिक्का पुसला, कागदावर. १९७२ ला वन्यजीव संरक्षण कायदा आला. तो हवाच होता, मी त्याच्या बाजूचा आहे. पण ज्यांचं पोट रानावर होतं त्यांना पर्याय कुणी दिला नाही. आणि निजामाच्या काळात हाके घालून शिकार करणाऱ्या बड्या लोकांचे फोटो आजही दिवाणखान्यात लटकतात, त्यांना कुणी शिकारी जमात म्हणत नाही.

अमेरिकेत शिकारी परवाना काढतो, कर भरतो आणि सन्मानानं प्रदर्शनात फिरतो. इथं आमची पोरं तितराचा आवाज काढू शकतात, ठसा बघून लांडगा की कुत्रा सांगतात, तर लोक आधी पिशवी तपासतात. मध्य प्रदेशात पन्नाला पारधी तरुण पाहुण्यांना रान फिरवून दाखवतात. तसं येडशी रामलिंग घाटात का होऊ नये? पैठणच्या मेळ्यात आमच्या पोरांना एक स्टॉल द्या. ठसे कसे वाचायचे ते शिकवतील, तासाची फी घेतील. दान नको.

माळरान

तांडा सर, मी वर बंदूकवाल्यांवर तुटून पडलो होतो, तुमच्या पोस्टनं त्याच विषयाची दुसरी बाजू समोर आली. ठशांच्या वर्गाला पहिलं नाव माझं लिहा. आमच्या माळावर लांडग्याची जोडी आहे, मेंढपाळ रोज सांगतात, मला अजून ठसा ओळखता येत नाही.

सीए_दिदी

धागा सकाळपासून वाचतेय. पैशाच्या वाटेवर कुणीतरी बोलायला हवं, ते माझं काम.

लातूरकर दादांकडून अमेरिकेच्या कायद्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग सांगायचा राहिला, तो असा. १९३७ च्या कायद्यात अट आहे: जे राज्य शिकार परवान्याचा पैसा वन्यजीव खात्याच्या कामाशिवाय दुसरीकडं वळवेल, त्याला या निधीतला छदामही नाही. शिवाय कामाच्या खर्चातला चौथा हिस्सा राज्यानं स्वतः घालायचा, तीन हिस्से केंद्र देणार. म्हणजे तिकडं प्रदर्शनामुळं रान वाचतंय असं नव्हे. प्रदर्शनातल्या खरेदीला बांधलेलं खातं आहे, म्हणून वाचतंय. तीच खरेदी, तीच गर्दी आपल्याकडं झाली तर काय होईल? दुर्बिणीवरचा जीएसटी सरकारच्या मोठ्या तिजोरीत जाईल आणि नाथसागराचं नावही त्यावर नसेल.

आपल्याकडं बांधलेलं खातं अजिबात नाही असं नाही. वन्यजीव कायद्याच्या ३८ एक्स कलमाखाली प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी प्रतिष्ठान असतं. ताडोबात प्रवेश शुल्क भरलं की ते ताडोबाच्या प्रतिष्ठानकडं जातं, तिथंच खर्च होतं. पण महाराष्ट्रातल्या सहा व्याघ्र प्रकल्पांपैकी एकही मराठवाड्यात नाही. वाघ मात्र येतात. टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला तो रेडिओ कॉलरवाला वाघ हिंगोलीवरून ज्ञानगंगा अभयारण्यात गेला, २०२१ ला दुसरा गौताळ्यात पोचला. वाघाला जिल्ह्याची हद्द कळत नाही, पैशाला बरोबर कळते.

मग उरतं काय? कंपनी कायद्याचं १३५ वं कलम. ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्याला द्यायचे असतात, आणि त्या यादीत वनस्पती-प्राणी संरक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे. वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांकडं हा पैसा आहे. पण घेणारी संस्था नोंदणीकृत हवी, एप्रिल २०२१ पासून त्यासाठी वेगळा नोंदणी क्रमांकही लागतो. चार मित्रांनी मिळून काढलेल्या गटाला तो मिळत नाही.

म्हणून माझा आग्रह: स्टॉल, तारखा, भजी हे सगळं नंतर. आधी खातं, आणि त्यातून खर्च कशावर होणार याचा लेखी ठराव.

रानभूल

दिदी, भजी नंतर हे मान्य. पण ठरावात भज्यांचा उल्लेख असू द्या.

अजिंठ्याचा_पाऊस

विषय थोडा बाजूला नेतो. मेळ्यात दुर्बिणी ठेवणार असाल तर लोकांना १०×५० (दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगाची) गळ्यात मारू देऊ नका. जड असते, हात थरथरतो, नवा माणूस कंटाळतो. ८×४२ बरी. पाण्यावरच्या लांबच्या पक्ष्याला दुर्बीण पुरत नाही, तिथं तिवईवरचा स्कोप लागतो. चार स्कोप भाड्यानं आणले आणि माणशी वीस रुपये घेतले तरी पोरं रांग लावतील. नेम धरून पट्टकादंबाच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे दाखवले की कुणाला भाषण द्यावं लागत नाही. आणि हाच पक्षी हिमालय ओलांडून येतो म्हटलं की पोराच्या बापाचाही डोळा स्कोपला लागतो.

गाळपेर

पट्टकादंबाचं कौतुक ऐकून बोलावंसं वाटलं. पाणी उतरलं की आम्ही गाळपेर करतो, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरतो. हरभरा बोटभर वर आला की ही राजहंसं रात्री उतरतात आणि सकाळी वावर खुरपल्यावाणी दिसतं. पाखरं देखणी आहेत, मला त्यांचा राग नाही. पण मेळ्याला आलेला माणूस फोटो घेऊन जातो, माझा हरभरा गेलेला असतो. या खात्यात माझं काही आहे का?

सीए_दिदी

काका, असायला हवं. भोईवाडा भाऊंचं जाळं आणि तुमचा हरभरा, ठरावातली पहिली दोन कलमं हीच धरू. पिकाची पाहणी कोण करणार, किती द्यायचं, हे गावातल्याच तिघा-चौघांनी ठरवायचं, नाहीतर भांडणं होतात.

माळरान

आणि हे पैसे जाहीर फळ्यावर लिहायचे. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर. आले किती, कुणाला गेले किती.

उमा_बीड

आता माझा विरोध बराच मावळला. पण तारखेचं बघा. कुणीतरी ५ ते १२ नोव्हेंबर म्हणेलच, मारुती चितमपल्ली आणि सालीम अली यांच्या जन्मदिवसांचा पक्षी सप्ताह म्हणून. त्या वेळी शाळांमध्ये कार्यक्रम करा, जरूर करा. पण धरण तेव्हा भरलेलं असतं, काठाचा चिखल उघडा पडलेला नसतो, आणि बरेचसे पाहुणे पक्षी अजून वाटेत असतात. एकनाथ षष्ठीला तर नकोच, पैठणला तेव्हा वारकऱ्यांना टेकायला जागा नसते.

चक्रवाक

२ फेब्रुवारीचा जागतिक पाणथळ दिन? १९७१ ला इराणमधल्या रामसरला पाणथळ जागांचा करार झाला तो दिवस. वरच्या अंगाला नांदूर मध्यमेश्वरला रामसरचा दर्जा मिळाला आहे, तीच गोदावरी आपल्याकडं येते. विषय आपोआप जुळतो.

गाळपेर

फेब्रुवारीत हरभरा काढणी. माणूस मिळणार नाही. जानेवारी बरा.

कंधारी

जानेवारीच धरा मग. आणि लिलावाला एक पैठणी ठेवा! गावातच विणली जाते, पदरावर मोर असतोच. पहिल्या वर्षी एखाद्या विणकरानं पदरावर चक्रवाकाची जोडी काढून दिली तर बघा बोली कुठं जाते. सोडत मात्र काढू नका, चिठ्ठ्यांच्या भानगडीत कायद्याच्या अडचणी असतात. उघडी बोली, रोख पावती.

लातूर_ते_लँकेस्टर

कंधारी भाऊ, त्या पैठणीच्या बोलीत मी इथून फोनवर असेन. आईसाठी. चित्राच्या तिकिटाचंही विसरू नका. परवाना म्हणून ते काढता येणार नाही, पण स्मरणचित्र म्हणून छापता येईल. मागं छापायचं की या रकमेतले किती रुपये कुठं जाणार. इथल्या लोकांचा त्या तिकिटावर विश्वास बसला तो याच एका ओळीमुळं.

गोदाकाठ

मंडळी, माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. दुसऱ्याचं असं दिसतंय, की मेळा लगेच नको. यंदा जानेवारीत एका रविवारी फक्त पाहणी: चार स्कोप, तीन होड्या, तांडा सरांच्या विद्यार्थ्यांचा ठशांचा वर्ग, माणशी ठरावीक शुल्क. सीए दिदी नोंदणीकृत संस्थेचं आणि वन खात्याच्या परवानगीचं मार्गदर्शन करतील का? परवानगीशिवाय होडी पाण्यात घालायची नाही. गोळा होईल त्यातून आधी जाळी, मग हरभरा. हिशेब इथंच या धाग्यावर टाकेन आणि गावातल्या फळ्यावरही लिहीन.

सीए_दिदी

करते. मात्र खात्यावर दोन सह्या लागतील अशी सोय करा. एक काठावरच्या माणसाची, भोईवाडा भाऊ किंवा गाळपेर काका. शहरातल्या दोघांच्याच सह्या असलेलं खातं मला चालणार नाही.

गाळपेर

सही करतो. वाचून करीन पण.

भोईवाडा

तिसरा रविवार धरा, दुसऱ्याला संक्रांतीची गडबड असते. सकाळी सातच्या आत पैठणच्या बाजूच्या काठावर या. ऊन पाठीशी राहतं, पक्षी स्पष्ट दिसतात. आमच्या बाजूनं आलात तर डोळ्यावर ऊन घेऊन नुसत्या सावल्या बघाल. होडीत सहाच माणसं बसतील, सातवा कितीही ओळखीचा असला तरी पुढच्या फेरीला.